लेकराचा एक खांदा उतरलेला दिसायलाय? स्कोलिओसिस घरी कसा ओळखायचा, कुठं दाखवायचा अन् कोणता इलाज कधी करायचा

आधी सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. परभणीकडच्या एका शाळेत पीटी शिकवतो, अन् आमच्या घरात पुतणीला स्कोलिओसिस (म्हणजे पाठीचा कणा बाजूला वळणं) निघाला तेव्हापासून या विषयात डोकं घातलंय. डॉक्टरांना विचारत, वाचत जे कळलं ते लिहितोय. शाळेतले पालक नेहमी तेच तेच विचारायलेत म्हणून एकदाच सगळं एका जागी.

आपल्याकडं हा आजार बऱ्याचदा डॉक्टरच्या आधी टेलरला कळतो. ड्रेसचं माप घेताना ते म्हणतात ताई हिचा डावा खांदा खाली आहे, बाही लहानमोठी करावी लागेल. किंवा आजी न्हाऊ घालताना म्हणती, "माय, अशी वाकडी कामून उभी राहतीस, नीट उभी रहा की." पोरगी नीटच उभी असते, कणाच एका बाजूला गेलेला असतो. म्हणून तिला रागावू नका, ते तिच्या हातात नाही.

पाठीचा कणा मागून बघितला तर सरळ दिसायला पाहिजे. स्कोलिओसिसमधे तो इंग्रजी एस किंवा सी अक्षरासारखा बाजूला वळतो, आणि नुसता वळत नाही तर पिळल्यासारखा फिरतोही, म्हणून बरगड्या एका बाजूनं मागं उचलल्या जातात अन् तिथं उंचवटा दिसतो. कुबड वेगळं, त्यात पाठ पुढच्या बाजूला वाकते. कधीकधी दोन्ही सोबत असतात पण इलाज वेगळा असतो, तेव्हा "पाठीला बाक आलाय" एवढं सांगून भागत नाही.

घरी कसं बघायचं

मुलीची पाठ आईनं, आजीनं किंवा शाळेत मॅडमनीच बघायची, हे पहिलं. दहा ते पंधरा वयातल्या मुलींना आधीच लाज वाटते, चार माणसांत उघडी पाठ दाखवा म्हटलं की ती पुढं कधीच दाखवणार नाही.

पाठ उघडी, केस वर बांधलेले, चप्पल काढून सपाट फरशीवर उभं करायचं. मागून बघा: खांदे एका लेव्हलला आहेत का, पाठीचं एक फऱ्याचं हाड जास्त बाहेर आलंय का, हात सैल सोडल्यावर कंबर अन् हात यांच्यामधली मोकळी जागा दोन्हीकडं सारखी आहे का, एक ढुंगण वर दिसतंय का. घरात कोणी गवंडीकाम करत असेल तर ओळंबा घ्या, मानेच्या खाली जो सगळ्यात मोठा मणका हाताला लागतो तिथं दोरी धरा, दोरी ढुंगणाच्या फटीवरून खाली गेली पाहिजे. बाजूला गेली तर नोंद करून ठेवा.

आता मुख्य टेस्ट. दोन्ही पाय जुळवून, गुडघे ताठ, दोन्ही तळहात जोडून हळूहळू पुढं वाकायला लावा, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत. तुम्ही मागं बसा, डोळे तिच्या पाठीच्या लेव्हलला. एका बाजूची बरगडी किंवा कंबरेचा भाग दुसऱ्यापेक्षा उंच दिसला तर डॉक्टरला दाखवायचं. याला अॅडम्स टेस्ट म्हणतात, १८६५ साली विल्यम अॅडम्स नावाच्या इंग्लंडच्या सर्जननी सांगितलेली, आजही हीच वापरतात, एक रुपया लागत नाही. डॉक्टरकडं स्कोलिओमीटर नावाची छोटी पट्टी असते, पाठीवर ठेवून तिरकेपणा मोजतात, ५ ते ७ डिग्रीच्या वर दाखवलं की एक्सरे सांगतात. मोबाईलमधे पण त्याचे अॅप आहेत, अंदाज घ्यायला ठीक.

एक गोष्ट मात्र बघा, एक पाय आखूड असेल तरी कंबर तिरकी होऊन पाठ वाकडी दिसते. स्टुलावर बसवून परत वाकायला लावा, बसल्यावर उंचवटा गेला तर भानगड पायाची असू शकते. ते पण डॉक्टरलाच ठरवू द्या.

कशामुळं होतं, अन् कशामुळं होत नाही

दप्तरामुळं होत नाही. लातूरला क्लासेसला गेलेल्या लेकरांच्या पाठीवर दगडासारखी बॅग असते, त्यानं पाठ दुखेल, खांदे भरून येतील, पण स्कोलिओसिस होत नाही. एका कुशीवर झोपल्यानं नाही, मोबाईलवर वाकून बसल्यानं नाही, दूध कमी प्यायल्यानं नाही, लहानपणी कडेवर एकाच बाजूला घेतल्यानं तर अजिबात नाही. हे शेवटचं खास लिहितोय कारण घरात पहिलं बोट आईकडं जातं, तूच असं धरलं तसं झोपवलं. तिचा काही संबंध नाही, तिला उगं त्रास देऊ नका.

दहातल्या साधारण आठ केसमधे नेमकं कारण सापडतच नाही, त्याला इडिओपॅथिक म्हणतात. दहा ते अठरा वयात दिसणारा प्रकार सगळ्यात जास्त, शंभर लेकरांत दोन-तीन जणांना असतो, पण त्यातल्या बहुतेकांचा बाक इतका थोडा असतो की काही करायची गरज पडत नाही. लहान बाक मुलं-मुलींत जवळपास सारखाच, वाढत जाणारा बाक मात्र मुलींमधे कितीतरी जास्त. घरात आई, मावशी, बहीण कोणाला असेल तर शक्यता वाढते.

बाकीचे प्रकार: जन्मतःच एखादा मणका अर्धाच बनलेला किंवा दोन मणके जुळलेले असतात, तो जन्मजात. अशा लेकरांची किडनीची सोनोग्राफी अन् हार्टची तपासणी करतात कारण पोटात वाढताना हे अवयव एकाच सुमाराला बनतात. सेरेब्रल पाल्सी, पोलिओ, स्नायूंचे आजार यात स्नायू कमजोर असल्यानं कणा झुकतो. अन् काही सिंड्रोम असतात, जसं मार्फान (खूप उंच, लांब बोटं) किंवा न्यूरोफायब्रोमॅटोसिस (अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे चट्टे).

पुढची लक्षणं दिसली तर सहा महिने बघू म्हणत बसायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं: रात्री झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं, पायात मुंग्या किंवा ताकद कमी, चालताना अडखळणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बाक काही महिन्यांतच झपाट्यानं वाढणं, दहा वर्षांच्या आत दिसलेला बाक. छातीच्या भागातला बाक डाव्या बाजूला असेल तरी डॉक्टर सहसा एमआरआय सांगतात, कारण नेहमीचा प्रकार उजव्या बाजूला असतो. आणि आपल्या भागात टीबी विसरायचा नाही. संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, भूक मरणं अन् पाठीत एका जागी टोकदार फुगवटा, हा मणक्याचा टीबी असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात अन् वेळेत सुरू झाली तर पाय वाचतात.

कुठं दाखवायचं

गावात असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत वर्षातून एकदा अन् अंगणवाडीत दोनदा येते, अठरा वर्षांपर्यंतची लेकरं तपासतात. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, अन् डॉक्टरना स्वतःहून सांगा की हिची पाठ बघा, नाहीतर शंभर पोरं एका दिवसात बघताना पाठ राहून जाते. तिथून पुढं चिठ्ठी मिळते.

थेट जायचं तर हाडांच्या डॉक्टरकडं. संभाजीनगरला घाटी (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना), अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज, नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण मेडिकल कॉलेज, लातूरला विलासराव देशमुख संस्था, इथल्या अस्थिरोग ओपीडीत दाखवून एक्सरे करून घेता येतो. पुढचा इलाज, विशेषतः मोठं ऑपरेशन, फक्त मणक्याचंच काम करणाऱ्या सर्जनकडं करायचा. त्यासाठी आपली माणसं मुंबई, पुणे किंवा हैदराबादला जातात. नांदेड-परभणीकडून देवगिरी एक्स्प्रेसनं दोन्हीकडं जाता येतं, एका बाजूला सिकंदराबाद, दुसऱ्या बाजूला मुंबई.

मणका बसवणाऱ्यांकडं जायचं नाही. हे मी जरा चिडूनच लिहितोय. हात-पाय मुरगळला तर तेल लावून चोळणारा माणूस वेगळा, पण वाढीच्या वयातल्या लेकराच्या मानेला अन् कण्याला झटका देणं म्हणजे धोका विकत घेणं आहे. रीलवर कडकड आवाज काढून कणा सरळ केल्याचं दाखवतात, तो आवाज सांध्यातल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो, बाक आहे तिथंच राहतो.

एक्सरे नीट काढून घ्या, सगळा हिशोब त्याच्यावर आहे

तालुक्याच्या ठिकाणी बऱ्याचदा झोपवून एक्सरे काढतात, तोही दोन तुकड्यांत, छातीचा वेगळा कंबरेचा वेगळा. तो या कामाला उपयोगाचा नाही. झोपल्यावर वजन उतरतं अन् बाक कमी दिसतो, म्हणजे कागदावर पोरगी बरी दिसायली अन् खरंतर नाही. उभं राहून, मानेपासून खुब्यापर्यंत पूर्ण कणा एकाच फोटोत पाहिजे. मुलींचा एक्सरे पाठीच्या बाजूनं किरण सोडून काढायला सांगा, छातीला रेडिएशन कमी बसतं. खुब्याची हाडं त्यात आली पाहिजेत, कारण वाढ किती राहिली ते तिथं दिसतं.

या एक्सरेवर कॉब अँगल मोजतात. अमेरिकेच्या जॉन कॉब यांनी १९४८ मधे ही पद्धत दिली. बाकाच्या वरचा सगळ्यात तिरका मणका अन् खालचा सगळ्यात तिरका मणका, त्यांच्या रेषांमधला कोन. १० डिग्रीच्या खाली असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. एकाच एक्सरेवर दोन डॉक्टरांच्या मापात ५ डिग्रीपर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळं २२ चे २४ झाले म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही, आणि २२ चे २९ झाले तर गप्प बसायचं पण नाही.

फिल्म अन् सीडी जपून ठेवा, मागं तारीख अन् डिग्री पेनानं लिहा, मोबाईलमधे फोटो काढून ठेवा. लेकराची उंची पण दर तीन महिन्याला भिंतीवर खूण करून तारीख टाका, अन् मुलीची पाळी कधी सुरू झाली तो महिना लिहून ठेवा. डॉक्टर हे दोन प्रश्न हमखास विचारतात अन् आपण तिथं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतो.

कारण नुसत्या डिग्रीवरून काहीच ठरत नाही. डिग्री अन् उरलेली वाढ, दोन्ही मिळून ठरतं. खुब्याच्या हाडावर वरच्या कडेला एक टोपी चढत जाते, तिला रिसर साइन म्हणतात, ० ते ५. शून्य म्हणजे वाढ भरपूर बाकी, ५ म्हणजे संपली. १९८४ च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात २० ते २९ डिग्रीचा बाक असलेली अन् रिसर ० किंवा १ असलेली लेकरं बघितली, त्यातल्या ६८ टक्क्यांचा बाक वाढला. तेवढीच डिग्री पण रिसर २ ते ४, तिथं फक्त २३ टक्क्यांचा वाढला. डिग्री तीच, फक्त वाढ किती उरली त्यानं एवढा फरक. मुलींची उंची सगळ्यात जोरात वाढते ती पाळी यायच्या आधीच्या वर्षभरात, पाळीनंतर साधारण दोन वर्षांत वाढ आटोपते.

अन् नेमकं याच वयात आपल्याकडं ही गोष्ट लपवली जाते. "गावभर कशाला करायचं, उद्या लग्न जमवायचंय." मग ढगळ ड्रेस, ओढणी अंगभर, पीटीला सुट्टीचा अर्ज. बारा-तेराव्या वर्षी कडक प्लास्टिकचा पट्टा (ब्रेस) लावून थांबला असता तो बाक अठराव्या वर्षी स्थळं बघायला लागल्यावर दाखवायला आणतात, तेव्हा वाढ संपलेली असते अन् पट्ट्याचा काही उपयोग उरत नाही, राहतं फक्त ऑपरेशन. लग्नाच्याच काळजीनं विचार करायचा तरी लवकर दाखवणंच फायद्याचं. लोकांना सांगू नका वाटलं तर नका सांगू, डॉक्टरला सांगा. आणि हो, या पोरींना पुढं दिवस जातात, बाळंतपण होतं, त्यात सहसा अडचण नसते.

कधी काय करायचं

वाढीच्या वयात २५ डिग्रीच्या खाली असेल तर बहुतेक वेळा फक्त लक्ष ठेवायचं, दर चार ते सहा महिन्यांनी तपासणी. लोकांना हे पटत नाही, म्हणतात एवढ्या लांब गेलो अन् गोळीही दिली नाही. गोळी नाहीच याच्यावर. कॅल्शियमची बाटली दिली तर ती कॅल्शियमसाठी, बाकासाठी नाही. पण पुढची तारीख चुकवायची नाही. सोयाबीनची काढणी आली, मोंढ्यात माल न्यायचाय, दिवाळी झाल्यावर जाऊ, मग लग्नसराई, असं करत वर्ष जातं अन् ते वर्ष परत मिळत नाही.

२५ ते ४० अन् वाढ बाकी, इथं पट्टा म्हणजे ब्रेस. ४५-५० च्या वर गेला तर ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं. वाढ संपली अन् बाक ३० च्या आत असेल तर तो सहसा आयुष्यभर फारसा वाढत नाही, निवांत राहा. ५० च्या वर असेल तर वाढ संपल्यावरही वर्षाला साधारण एक डिग्रीच्या हिशोबानं वाढत राहू शकतो, म्हणून तिथं डॉक्टर ऑपरेशनचा आग्रह धरतात. छातीतला बाक फारच मोठा झाला, ७०-८० च्या पुढं, तर फुप्फुसाला जागा कमी पडायला लागते.

ब्रेस: खरी परीक्षा इथं आहे

ब्रेस बाक सरळ करत नाही, वाढू देत नाही. हे घरात सगळ्यांना आधी समजावा नाहीतर सहा महिन्यांनी म्हणणार एवढा त्रास काढला अन् पाठ आहे तशीच. आहे तशीच राहिली म्हणजे जिंकलो. २०१३ मधे अमेरिका अन् कॅनडातल्या २५ सेंटरवरचा मोठा अभ्यास आला, त्यात ब्रेस घातलेल्या ७२ टक्के लेकरांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० च्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. आणि ज्यांनी दिवसाला सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घातला त्यांच्यात यश ९० टक्क्यांच्या पुढं. म्हणजे कपाटात ठेवलेला ब्रेस काम करत नाही. डॉक्टर सहसा १८ तास किंवा जास्त सांगतात.

ऑनलाइन मिळतो तो इलॅस्टिकचा खांदे मागं ओढणारा पोश्चर बेल्ट म्हणजे ब्रेस नाही. खरा ब्रेस कडक प्लास्टिकचा, लेकराच्या अंगाचं प्लास्टरनं किंवा स्कॅननं माप घेऊन बनवतात, आत नेमक्या जागी पॅड असतात. बनवणाऱ्याला ऑर्थोटिस्ट म्हणतात. ब्रेस आल्यावर तो घालून एक्सरे काढायचा, आतमधे बाक निम्म्याच्या आसपास कमी दिसला तर फिटिंग चांगली. हा एक्सरे कोणी सांगितला नाही तर तुम्ही विचारा.

आता आपल्याकडचा प्रश्न म्हणजे ऊन. एप्रिल-मे मधे पारा ४२ ला गेलेला, लाईट कधी जाईल भरवसा नाही, अन् अंगाला प्लास्टिकचं कवच. जे कामाला आलं ते सांगतो.

आत पातळ सुती बनियन, बिनबाह्यांची, मांडीपर्यंत लांब, शिवण बाहेरच्या बाजूला येईल अशी उलटी घालायची, सुरकुती पडू द्यायची नाही. उन्हाळ्यात दिवसात दोन-तीन वेळा बदलावी लागते, म्हणून पाच-सहा तरी ठेवा. नळाला आठ दिवसाला पाणी येणाऱ्या गावात रोज धुणं होत नाही हे माहीत आहे, मग नग वाढवा. पावडर, तेल, क्रीम ब्रेसच्या खाली लावायचं नाही, कातडी मऊ होऊन सोलते. ब्रेस काढल्यावर लाल दिसणं ठीक आहे, अर्ध्या तासात लाली गेली पाहिजे. नाही गेली, फोड आला, कातडी फाटली तर ब्रेस बंद करून ऑर्थोटिस्टकडं, पॅड घासून देतात. घरी कात्री-हेक्सॉ चालवायचं नाही. ब्रेस ओल्या फडक्यानं रोज पुसायचा, सावलीत वाळवायचा, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवला तर प्लास्टिकचा आकार बिघडतो.

पहिल्याच दिवशी १८ तास होत नाहीत. दोन तासांपासून सुरू करून दहा-पंधरा दिवसांत वाढवत न्या. रात्रीची झोप ब्रेसमधे लागायला लागली की निम्मं काम झालं, उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा तिला द्या, बाकीच्यांनी गच्चीवर झोपा. काढायचे तास सकाळी ठेवा, संडास, अंघोळ, खेळ सगळं त्यात. जेवण पोटभर एकदम नको, पोट दाबलं जातं, थोडं थोडं चार-पाच वेळा. शाळेत मांडी घालून खाली बसणं जमत नाही, वर्गशिक्षकांना भेटून बसायला बेंच किंवा खुर्ची मागा. युनिफॉर्म एक साईज मोठा शिवा. पीटीच्या तासाला ब्रेस काढून खेळू द्या, हे पीटीचा सर म्हणूनच सांगतोय. खो-खो, कबड्डी, पळणं, सगळं चालतं. उसेन बोल्टला पण स्कोलिओसिस आहे अन् १०० मीटर ९.५८ सेकंदात पळालाय तो, पोरांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात.

पोरगी रडेल. चिडेल. ब्रेस काढून दप्तरात कोंबेल. तेव्हा रागवण्यापेक्षा तासांची वही तिच्याच हातात द्या, रोज तिनंच लिहायचं, अन् एखाद्या लग्नाला चार तासांची सुट्टी द्यायला मन मोठं करा. वाढ संपेपर्यंत, म्हणजे बऱ्याचदा दोन-तीन वर्षं, हे चालतं, मग डॉक्टर हळूहळू तास कमी करतात.

अगदी लहान, वर्ष-दीड वर्षाच्या बाळांचा प्रकार वेगळा. त्यांना बेशुद्ध करून प्लास्टरचं जॅकेट घालतात, काही महिन्यांनी बदलत जातात, अन् काहींचा बाक त्यानं पूर्ण जातो. ही पद्धत लंडनला काम केलेल्या डॉ. मिन मेहता यांच्या नावानं ओळखली जाते.

व्यायाम, योगा

करा, पण कशासाठी ते समजून. नुसत्या योगासनांनी बाक सरळ झाल्याचा भक्कम पुरावा नाही. पाठीचे स्नायू मजबूत राहतात, श्वास मोकळा होतो, मूड चांगला राहतो, एवढं मिळतं अन् ते कमी नाही. स्कोलिओसिससाठी खास श्रोथ पद्धतीचे व्यायाम आहेत, जर्मनीच्या कॅथरिना श्रोथ यांनी १९२० च्या दशकात सुरू केलेले, त्यांना स्वतःलाच हा त्रास होता. प्रत्येक बाकाप्रमाणं व्यायाम बदलतो म्हणून व्हिडिओ बघून करायचे नाहीत, शिकलेल्या फिजिओकडून एकदा नीट बसवून घ्या मग घरी करा. ब्रेससोबत हे केले तर चांगलं, ब्रेसच्या ऐवजी नाही.

ऑपरेशन

सगळ्यात जास्त होतं ते फ्युजन. पाठीमागून चीर घेऊन मणक्यांत स्क्रू बसवतात, दोन्ही बाजूंनी रॉड टाकून कणा जमेल तेवढा सरळ करतात, हाडाचे तुकडे पसरून तेवढे मणके एकमेकांना जुळू देतात. याची सुरुवात अमेरिकेत पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओच्या लेकरांसाठी केली होती, तेव्हा महिनोन्महिने प्लास्टरमधे राहावं लागायचं. आता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालवतात, आठवडाभरात घरी, महिना-दीड महिन्यात शाळा, जोराचे खेळ सहा महिने ते वर्षभरानंतर. जुळलेला भाग वाकत नाही, म्हणून सर्जन खालचे कंबरेचे मणके शक्य तेवढे मोकळे सोडतात. रॉड सहसा काढत नाहीत, आतच राहतात. उंची लगेच थोडी वाढलेली दिसते, लेकरं यावरच सगळ्यात खूश असतात.

"लकवा मारतो का" हा प्रत्येकाचा प्रश्न. नेहमीच्या किशोरवयीन स्कोलिओसिसमधे, अनुभवी टीमकडं, नसांना इजा व्हायचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे. शून्य नाही. इन्फेक्शन, रक्तस्राव, स्क्रू सैल होणं हे पण धोके आहेत. म्हणून ऑपरेशनच्या आधी सरळ विचारा: तुम्ही वर्षाला स्कोलिओसिसची किती ऑपरेशनं करता, ऑपरेशन चालू असताना नसांचं न्यूरोमॉनिटरिंग असतं का, कुठून कुठपर्यंतचे मणके जुळवणार, लेकरांचं आयसीयू आहे का, रक्त किती लागेल, अन् न केल्यास काय होईल. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर दुसरं मत घ्या, ऑपरेशन इमर्जन्सी नसतं, महिनाभर थांबल्यानं काही बिघडत नाही.

आपल्या मुलींचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा कमी निघतं अन् तारीख पुढं जाते, म्हणून दोन-तीन महिने आधीच तपासून गोळ्या सुरू करा. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ती पोरी खिडकीबाहेर टाकतात, मला माहीत आहे. रक्तगटाचे नातेवाईक आधी बघून ठेवा.

फार लहान लेकरांत फ्युजन केलं तर छातीची वाढ थांबते, तिथं वाढणारे रॉड टाकून थोडे थोडे लांबवत नेतात. जन्मजात अर्धा मणका असेल तर ब्रेसचा फार उपयोग नसतो, लवकर छोटं ऑपरेशन करून तो मणका काढणं कधीकधी बरं पडतं. दोरी ओढून कणा सरळ करायची टेदरिंग नावाची नवी पद्धत आहे, अमेरिकेत २०१९ ला परवानगी मिळाली. त्यात हालचाल टिकते पण परत ऑपरेशन लागायचं प्रमाण फ्युजनपेक्षा जास्त आहे, अन् वाढ बाकी असलेल्या निवडक लेकरांनाच चालते.

मोठ्या माणसांचं थोडक्यात. पन्नाशी-साठीनंतर मणके झिजून नव्यानं बाक येतो, त्यात दुखणं अन् पायाला कळा हा मुख्य त्रास असतो. व्यायाम, वजन, औषध, इंजेक्शन यावर बहुतेकांचं भागतं, डिग्री बघून नाही तर त्रास बघून ऑपरेशन ठरतं. आणि फ्युजन झालेल्या सुनेला दिवस गेले तर भूलतज्ज्ञाला आधीच जुना एक्सरे दाखवा, पाठीतून भूल कुठून देता येईल ते त्यांना ठरवावं लागतं.

पैसा अन् कागदं

ऑपरेशनचा खर्च लाखांत जातो, इम्प्लांटचाच (आत बसवायचे स्क्रू, रॉड) मोठा भाग असतो, तेव्हा आधी लेखी इस्टिमेट मागा, त्यात इम्प्लांट, आयसीयू, मॉनिटरिंग वेगवेगळं लिहिलेलं पाहिजे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज बसतो, पण प्रत्येक हॉस्पिटल अन् प्रत्येक ऑपरेशन त्यात नसतं. हॉस्पिटलमधे गेल्या गेल्या आरोग्यमित्राचं (या योजनेची मदत करणारा तिथला माणूस) टेबल शोधा अन् त्यालाच विचारा की हे पॅकेज इथं चालतं का. रेशन कार्ड, आधार, लेकराचं आधार, सगळ्यांवर नाव सारखं पाहिजे, "कु." आणि आडनावाच्या स्पेलिंगवरून फाईल अडकते हा सगळ्यांचा अनुभव आहे, घरून निघायच्या आधीच दुरुस्त करा.

पुण्या-मुंबईची बरीच मोठी खासगी दिसणारी हॉस्पिटलं ट्रस्टची म्हणजे धर्मादाय असतात. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत अन् १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. ओपीडीत कोणी आपणहून सांगत नाही, समाजसेवा विभागात जाऊन तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दाखवायचा. तो दाखला चालू वर्षाचा लागतो, सेतूमधून काढायला दिवस जातात, ऑपरेशनची तारीख मिळायची वाट न बघता आधीच काढून ठेवा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज पण याच कागदांवर होतो, तोही ऑपरेशनच्या आधी, नंतर बिलं घेऊन गेल्यावर बहुतेक वेळा हात हलवत परत यावं लागतं.